शुक्रवारची रिंग

त्या शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी फोन उचलला, आणि आता आपण संपलो, असं मला वाटलं.

नीट सांगतो. डॉ. शशिकांत इंगवले हे इथे बहरीनमधले आमचे रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर. तेही साध्यासुध्या नव्हे, ज्यांची नावं उच्चारताना जीभ अडखळते अशा, क्वचित कुणाला होणाऱ्या जातींचे. त्यांच्या पेशंटांसाठी एक नियम होता. दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी प्रत्येकाने त्यांच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन-तीन रिंगा, मग कट. आमच्या बाजूने त्याचा अर्थ, 'मी आहे.' डॉक्टर तो उचलत नसत. त्यांच्या बाजूने त्याचा अर्थ, 'तुझं रक्त मी बघितलंय, ठीक आहे, जा मासे आण.' आणि रिपोर्टमध्ये काही खटकलं असेल, तरच ते फोन उचलत आणि एकच शब्द बोलत, 'ये.' फोन वाजतोय आणि समोरून कोणी उचलत नाही, यात केवढं सुख असतं, हे आम्हा मंडळींनाच ठाऊक.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी तपासणीसाठी रक्त देऊन आलो होतो. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं म्हणून मी खुशीत होतो. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या शर्ट वर करून म्हटलं, "बघा डॉक्टर, पोट गेलं! बायको व्हिडिओवर बघून म्हणते, लग्नातले दिसताय." एरवी यावर ते काहीतरी तिरकस बोलले असते. त्या दिवशी त्यांनी मला झोपवलं, डाव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि बराच वेळ तशीच ठेवली... छताकडे बघत, जणू आतून कोणी काही सांगतंय ते ऐकत होते. मग हात धुतले आणि म्हणाले, "शुक्रवारी रिंग दे." बस्स. मी आपला पोट गेल्याच्या आनंदात तुबलीला परत आलो.

आणि शुक्रवारी फोन उचलला गेला. माझ्या तोंडून निघालं, "अहो डॉक्टर, चुकून उचललात का? मी साळवी!" पलीकडून बाईचा आवाज आला. "भावजी, मी सुनंदा बोलतेय. हे गेले. पहाटे झोपेतच." वहिनींचा आवाज कोरडा होता, बातमी अजून त्यांच्यापर्यंतच पोचली नसावी असा. आता या क्षणी शहाणा माणूस काय बोलेल? मी बोललो, "मग... माझा रिपोर्ट?" वहिनी म्हणाल्या, "तुमचं मला माहीत नाही हो." आणि फोन ठेवला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटुकली लिहून हशे वसूल करणारा मी, आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य अशा जागी, अशा वेळी बोललो. ते अजून माझ्या कानात वाजतं.

डॉक्टरांची आणि माझी ओळखही अशाच एका गणपतीत झाली. मी तुबलीत रेडिएटर दुरुस्त करतो. गाड्यांचं पाणी गाळायचं, तुंबलेलं वाहतं करायचं, हा माझा धंदा. त्या वर्षी मी नाटुकल्यात अरबाचं काम करत होतो. खेळ संपल्यावर पहिल्या रांगेतला एक उंच, किडकिडीत माणूस विंगेत आला आणि सगळ्या मंडळींसमोर विचारता झाला, "तुमच्या चेहऱ्याला हा लाल रंग लावलाय, की मुळातलाच आहे?" म्हटलं, मुळातलाच. "अंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटते?" आता बायकामुलांसमोर हा काय प्रश्न? मी म्हटलं, "साहेब, कोकणातला असलो तरी रोज अंघोळ करतो!" विंगेत हशा. ते हसले नाहीत. "पाणी गरम असलं की जास्त सुटते ना?" एवढं विचारून कार्ड हातात ठेवून गेले.

खाज मला सुटत होती, आणि भयंकर. पण बहरीनच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे गार नळालाच चहा होईल असं पाणी येतं. आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्यातलं साठून जरा निवलेलं पाणी अंघोळीला घेतो. मी ठरवलं, दोष टाकीचा. टाकी घासली. साबण बदलले. रूममधल्या मल्याळी मित्राच्या सांगण्यावरून अंगाला खोबरेल चोपडून एक दिवस वर्कशॉपमध्ये गेलो, तर येणारी गिऱ्हाइकं 'कोण मासे तळतंय' म्हणून विचारायला लागली. त्याआधी एका रक्तदान शिबिरात माझं हिमोग्लोबिन बघून सगळे थक्क झाले होते, तेव्हा तर मी छाती काढून फिरलो होतो. शेवटी एक दिवस पायाची बोटं जळल्यासारखी लाल झाली, तेव्हा ते कार्ड शोधलं.

"तुझं रक्त घट्ट होतंय," डॉक्टर म्हणाले. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "हाडांतली मज्जा वेड्यासारखी रक्त तयार करते. थांब म्हटलं तरी ऐकत नाही. हाही कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. आपण मधूनमधून रक्त काढून टाकू, गोळी देऊ. बरीच वर्षं जगशील. मला लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचंय. पुढे काहींचं वजन उतरतं, डाव्या बरगडीखाली प्लीहा फुगते, मज्जा दमते, आतून वाळते, तिचं जाळं होतं. ते कुणाचं होतं आणि कुणाचं नाही, हे अजून आम्हाला नीट सांगता येत नाही. तेच शोधतोय." मी विचारलं, "काढलेलं रक्त कुणाला द्यायचं का? फुकट कशाला घालवता?" तेव्हा ते पहिल्यांदा हसले. पाटणकडचा माणूस, हसला की खांदे हलायचे, आवाज येत नसे.

मग मला आत नेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. म्हणाले, "बघ, तुझंच आहे." मी डोळा लावला. "डॉक्टर, काळ्या काड्या आहेत हो रक्तात! हलतायत!" ते वाकून बघायला गेले, मग माझ्याकडे बघितलं, आणि खांदे हलायला लागले. मला दिसत होत्या माझ्याच पापण्या.

तीन वर्षांच्या कंत्राटावर बहरीनला आलेला हा माणूस जन्मभर इथे का राहिला, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. परदेशात शिकलेले, मोठाल्या संस्थांतून बोलावणी यायची. ते म्हणायचे, "तिकडे पेशंट एका गावात जन्मतो आणि त्याच गावात मरतो. त्याच्यावर कुणीही संशोधन करेल. इथला माणूस आज जुफैरच्या हॉटेलात भांडी घासतो, उद्या त्याचा व्हिसा संपतो. खलास. त्याचं काय झालं, हे कोण सांगणार?" त्यांच्या खोलीत काचपट्ट्यांची लाकडी कपाटं होती. एकदा त्यांनी एक कप्पा ओढला आणि एक पट्टी उजेडात धरली. जांभळट डाग. "हा नेपाळचा. सुतारकाम करायचा. याचं रक्त माझ्याकडे आहे... माणूस नाही." दुसरी पट्टी. "ही बाई घरकाम करायची. मालकाने परत पाठवली." कागदावर अशा माणसाला म्हणे जिवंतही धरता येत नाही आणि मेलेलाही. ज्या दिवशी तो शेवटचा दिसला, त्या दिवसापाशी त्याची रेघ तुटते. डॉक्टर ती पट्टी परत ठेवायचे ते अगदी हळू, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसे.

मिस्ड कॉल निघाला तो यातून. आखातातला प्रत्येक माणूस घरी मिस्ड कॉल देतच असे. पोचलो, जेवलो, पगार झाला, सगळं एका रिंगेत. डॉक्टरांनी तीच सवय उचलली. तुम्ही इथे असा नाहीतर गावी, शुक्रवारी रिंग द्यायचीच. पुढे व्हॉट्सॲप आलं, लोक रोज सकाळी फुलं पाठवायला लागले. डॉक्टर म्हणाले, "फुलं मेलेल्याच्या फोनवरून त्याची पोरंही पाठवतात. रिंग दे."

आणि ही रिंग मी चुकवली. एकदाच. सुट्टीवर गावी होतो. बहिणीकडे दाभोळला जायला फेरीबोटीत बसलो, आणि मुलाला खाडीतला करकोचा दाखवण्याच्या नादात फोन पाण्यात. म्हटलं, बरं झालं, दोन दिवस शांतता. शुक्रवार आला आणि गेला. डॉक्टरांनी फोन लावला, बंद. त्यांनी तुबलीतल्या माझ्या माणसांकडून गावच्या दुकानाचा नंबर मिळवला आणि बंड्या दुकानदाराला सांगितलं, "मी बहरीनहून डॉक्टर बोलतोय. साळवी जिवंत आहे का, ते बघून मला सांगा." आता आमच्या गावचं डोकं बघा. बंड्या म्हणाला, एवढ्या लांबून, खुद्द डॉक्टर विचारतोय, म्हणजे झालंच. तिकडे मशीनवर दिसत असणार! त्याने दुकानाची फळी लावली. माझी बायको म्हणत होती, अहो, ते बहिणीकडे गेलेत, तर चार बाया तिलाच समजवायला बसल्या, "पोरी, मनाची तयारी ठेव. बोट उलटायला वेळ लागत नाही."

संध्याकाळी मी हातात सुरमई घेऊन आलो, तर अंगणात माणसं बसलेली. कोणीतरी माझ्याबद्दल बरं बोलत होतं, म्हणून मी जरा फाटकापाशीच थांबलो. चुलतभाऊ म्हणत होता, "वाईट होता, पण मनाचा चांगला." एवढ्यात एका म्हातारीने मला बघून किंकाळी फोडली. बायको बाहेर आली. रडून डोळे सुजलेले. माझ्याकडे बघितलं, हातातल्या सुरमईकडे बघितलं आणि म्हणाली, "आलात? मग आता या एवढ्या लोकांना मी काय सांगू?" शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे पिठलंभात आणून ठेवला होता. टाकायचा कसा? स्वतःच्या सुतकाचं पिठलं मी दोनदा मागून घेऊन जेवलो. चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बंड्याच्या दुकानातून डॉक्टरांना हा सगळा प्रकार रंगवून सांगितला. मला वाटलं, खांदे हलत असतील. पलीकडे काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, "साळवी, माझ्याकडे हरवलेली माणसं फार झालीत. तू त्यांत भर घालू नकोस." तेव्हापासून मी रिंग चुकवली नाही.

एकदा मात्र मी विचारलं होतं, "डॉक्टर, तुम्ही कुणाला मिस्ड कॉल देता?" ते माझं रक्त काढत होते. त्यांनी पिशवी भरू दिली. मग सुई काढून कापूस दाबला आणि म्हणाले, "ज्याने उचलू नये म्हणून फोन करायचा, असं माणूस लागतं. ते मिळायला नशीब लागतं रे." थट्टा होती की काय, मला कळलं नाही. आता त्यावर विचार करत बसतो.

डॉक्टरांचा मुलगा कॅनडाहून आला, मग इथल्या स्मशानात अग्नी दिला. माणसं बरीच होती. भारतातली, फिलिपीन्सची, पांढरे पायघोळ थोब घातलेले बहरीनी. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, पण त्यांतले डॉक्टरांचे पेशंट मला कळत होते. कुणी पांढराफटक, कुणी माझ्यासारखा लालबुंद. मंत्र चालू असताना कुणाच्यातरी खिशात फोन वाजला. दोन रिंगा झाल्या आणि थांबला. आणि ती सगळी माणसं, एकजात, दचकली. मग एकमेकांकडे बघितलं आणि नजर वळवली.

त्यानंतर मी हॉस्पिटलकडे फिरकलो नाही. रिपोर्ट तयार असणार, जाऊन विचारलं की झालं, हे लहान पोरालाही कळेल. पण मी विचारणार कोणाला? माझी खबर कळण्याची एकच रीत मला ठाऊक होती. पट्ट्याला आणखी एक भोक पडलं. बरगडीखाली काहीतरी जड बसल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी सकाळी अंगठा आपोआप त्या नंबरवर जाई. मी रिंग देत असे. कोणी उचलत नसे. पूर्वी या न उचलण्यावर मी आठवडा काढायचो, पण आता उचलणाराच नव्हता. मी ठीक आहे म्हणून डॉक्टर गप्प होते, की ते गेले म्हणून गप्प होते? दोन्ही रिंगा कानाला सारख्याच लागतात. माणूस वेडा होईल.

शेवटी एका शुक्रवारी वहिनींना भेटायला जनाबियाला गेलो. घरात खोकी भरणं चाललं होतं. त्या मुलाकडे निघाल्या होत्या, डॉक्टरच नाहीत म्हटल्यावर त्यांचा व्हिसाही राहणार नव्हता. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तोडून बोलले." आम्ही दोघं खोक्यांच्या मध्ये बसलो. एवढ्यात टीपॉयवरचा फोन वाजला. डॉक्टरांचा. वहिनींनी मांडीवर हात घट्ट धरले. रिंग थांबली. पुन्हा वाजला. थांबला. पुन्हा... "ऐकलंत?" त्या म्हणाल्या, "दर शुक्रवारी असंच. सगळ्यांना कळलंय, तरी करतात. मी चार्जिंगला लावून ठेवते. बंद करवत नाही हो. काय करू, उचलू?"

"उचलू नका वहिनी!" मी जवळजवळ ओरडलोच. "उचललात तर माणसं जागच्या जागी जातील."

त्या एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "यांनी नावं लिहिलेलीच नाहीत. एक 'सुतार' आहे, एक 'पोपटवाली' आहे. तुम्ही कोण, ते मला अजून सापडलं नाही." मी खिशातून माझा फोन काढला आणि तिथेच बसून नंबर लावला. टीपॉयवरचा फोन उजळला. आम्ही दोघं वाकलो. पडद्यावर आलं होतं, 'पिठलं'.

वहिनी हसता हसता रडल्या. मी काय केलं, ते सांगत नाही.

निघताना त्यांनी फोन आणि चार्जर माझ्या हातात ठेवला. "हा मरियमला नेऊन द्याल? हे म्हणायचे, माझ्यानंतर तीच." डॉ. मरियम ही डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेली बहरीनी मुलगी. नाही म्हणता येईना. माझा रिपोर्ट माझ्याच हातांनी मला हॉस्पिटलात घेऊन चालला होता. गाडीत शेजारच्या सीटवर तो फोन ठेवला. वाटेत सिग्नलला तो वाजला... मी सरळ समोर बघत राहिलो. मागच्या गाडीने हॉर्न मारला तेव्हा कळलं, दिवा हिरवा होऊन गेलाय.

डॉ. मरियम पुण्यात शिकलेली. हिंदी झकास, मराठीतले मात्र दोनच शब्द येतात, 'बसा' आणि 'हळू'. फोन घेऊन तिने आधी कपाळाला लावला. मग म्हणाली, "बसा. अंकल, आप कहाँ थे? मैं फोन कर रही थी, आप उठाते नहीं." खरं होतं. अनोळखी नंबर दिसला की मीही उचलत नव्हतो. मी विचारलं, "त्या शुक्रवारी डॉक्टर असते, तर त्यांनी माझा फोन उचलला असता का?" ती म्हणाली, "हाँ अंकल. उठाते."

म्हणजे त्या सकाळी तो फोन उचलला जाणारच होता. फक्त आवाज दुसरा आला.

म्हणून आता मज्जा तपासायची होती. त्याच खोलीत, त्याच पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. पूर्वी या वेळी डॉक्टर म्हणायचे, "साळवी, तू बडबडत राहा, मी ओढतो," आणि मी गावच्या भानगडी सांगत सुटायचो. या वेळी मागून मरियम म्हणत होती, "हळू... हळू..." मला की स्वतःला, कोण जाणे. उठल्यावर तिने डॉक्टरांच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे जुन्या तपासणीतली माझी काचपट्टी लावलेली होती. "सर आपके लिए निकाल के गए थे." मी डोळा लावला. या वेळीही आधी पापण्याच दिसल्या. डोळे पुसून परत लावला, तेव्हा जांभळट काहीतरी दिसलं. कपाटांमध्ये ते सुतार, त्या घरकामवाल्या बाया रांगेने निजलेल्या. त्यांच्यात मला जायचं होतं की नव्हतं, हे आता एका आठवड्यावर आलं होतं. "जाळं झालं असेल तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "रूल वही है. जुम्मे को इसी फोन पर रिंग दीजिए."

गेला शुक्रवार. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली. ओहोटी होती, तुबलीच्या खाडीचा तो कुबट वास आत येत होता. गावी बायकोला काही सांगितलं नव्हतं. तिने एकदा मला रडून घेतलंय, पुन्हा कशाला? अंगठा नंबरवर गेला. रिंग झाली. दुसरी झाली. इथे कट करायचं असतं, पण हात हलेना. तिसरी... मला खोलीतली ती कपाटं दिसत होती, वाकलेले खांदे दिसत होते. आता क्लिक होईल, आता आवाज येईल, 'ये'. आणि खरं सांगतो, एक क्षण असाही होता की वाटलं, येऊ दे. तो आवाज एकदा ऐकू येणार असेल, तर येऊ दे. फोन वाजत राहिला. वाजून वाजून आपला आपण थांबला.

डॉक्टरांनी फोन उचलला नाही.

मी शटर वर केलं. समोर कुणाचीतरी गाडी उभी होती, बॉनेट उघडं, पाणी उकळलेलं. म्हटलं, यल्ला, आण आत. दूर मरियमच्या टेबलावर त्या फोनच्या पडद्यावर 'पिठलं' उजळून विझलं असेल.